वन्सं बोटीवर निघाल्या!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात एक तरी माणूस असं असतं, की घरातले सगळे सहलीला निघाले की ते मागं राहतं. दूधवाल्याला कोण सांगणार, तुळशीला पाणी कोण घालणार, असं म्हणत आपण ते माणूस घरी ठेवतो आणि वर 'तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त जातो हो!' असं गोडही बोलतो.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. दोन्ही पाय अधू राहिले. पायांना कॅलिपर लावून, कुबड्यांवर त्यांनी कॉलेज केलं, बँकेत नोकरी केली. लग्न झालं नाही. पुढे खांदे दुखायला लागले तेव्हा कुबड्या गेल्या आणि व्हीलचेअर आली. २०२२ साली त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी, गणपती उठले त्या रात्री, जेवताना सहज म्हणाल्या, "दादा, मी डिसेंबरात बोटीवर जाणार आहे. सिंगापूरहून निघते. पाच दिवस. एकटीच."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "एकट्या? वन्सं, अहो, मी येते ना सोबतीला!" त्या हसल्या. "वहिनी, तुम्ही आलात की मी तुमच्याबरोबर जाईन. मला बोटीवर जायचंय."

ह्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो कसा कळला ते पुढे सांगते. पण आधी, चाकांच्या खुर्चीतून, तेही एकटीनं, समुद्रावर जाता येतं का, ह्याची जी माहिती आम्ही तीन महिने खपून गोळा केली ती तुम्हांला द्यावीशी वाटते. तुमच्या घरात, शेजारात, माहेरी कुणाला तरी ती नक्की लागेल.

आगबोटीची आठवण

हे वेड वन्संना कुठून लागलं? तर कोकणच्या आगबोटीवरून. त्या आठ वर्षांच्या असताना सगळं कुटुंब मुंबईहून रत्नागिरीला आगबोटीनं आलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि बंदरं घेत घेत गोव्याकडे जायची. ज्यांनी तो प्रवास केला असेल त्यांना आठवेल, पुष्कळ ठिकाणी बोट काठाला लागतच नसे. ती बाहेर उभी राही आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेत. हलत्या बोटीवरून हलत्या पडावात! धडधाकट माणसांचीही तिथं गाळण उडायची. वन्संना एका खलाशानं खांद्यावर घेऊन अलगद पडावात ठेवलं होतं. "मला भीती नाही वाटली," त्या म्हणतात. "पण मी बोटीवरच राहिले असते तर बरं, असं वाटत होतं."

गंमत म्हणजे, आजच्या आलिशान जहाजांवरही व्हीलचेअरवाल्यांची मोठी अडचण हीच, पडावाची! तिचं नाव तेवढं बदललंय. तिला आता टेंडर म्हणतात. जहाज मोठं आणि बंदर उथळ असलं की जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांतून माणसं काठाला नेतात. ग्रीसमधलं सँटोरिनी, कॅरिबियन समुद्रातलं ग्रँड केमन, ही प्रसिद्ध ठिकाणं अशीच आहेत. समुद्र खवळलेला असला की व्हीलचेअरवाल्याला होडीत घ्यायला कर्मचारी नकार देऊ शकतात, आणि त्यांचंही चूक नसतं. काही जहाजांवर ह्यासाठी उचलते फलाट केलेत. २०१८ साली आलेल्या 'सेलिब्रिटी एज' ह्या जहाजाच्या बाजूला वरखाली होणारा मोठा फलाटच आहे. तो पाण्याजवळ आणला की होडीत जाणं सोपं होतं. पण असं सगळीकडे नसतं.

म्हणून पहिला धडा हा, की जहाजाच्या जाहिरातीतली छायाचित्रं बघून भुलू नका. कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठं नांगरतं ते आधी विचारा. मुंबईहूनही २०२१ पासून गोवा, लक्षद्वीपकडे पर्यटनबोट जाऊ लागली. पण लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची. मोठं जहाज बाहेरच राहतं आणि पुढं होडीनंच जावं लागतं. आपल्या माणसाला ते झेपेल का, ह्याचा विचार घरीच करावा.

दाराची रुंदी तेवीस इंच!

आम्ही प्रथम एका प्रवासी एजंटाकडे गेलो. नाव कशाला घ्या! तो म्हणाला, "काही काळजी करू नका मॅडम, सगळ्या खोल्यांत व्हीलचेअर जाते." मी तर लगेच पैसे भरायला निघाले होते. वन्संनी मात्र पिशवीतून शिवणकामाची टेप काढली, आपली खुर्ची मोजली, ती भरली पंचवीस इंच, आणि जहाज कंपनीला पत्र टाकलं. तीनच प्रश्न. दाराची रुंदी किती? न्हाणीघराला उंबरठा आहे का, किती उंच? अंघोळीची जागा सपाट आहे का टब आहे?

उत्तर आलं. साध्या केबिनचं दार सुमारे तेवीस इंच! म्हणजे पैसे भरून, विमानानं तिकडं जाऊन, वन्संना खोलीबाहेर बसावं लागलं असतं.

मैत्रिणींनो, बहुतेक जहाजांवर अशीच स्थिती असते. साध्या खोल्यांची दारं अरुंद आणि न्हाणीघराला चांगला उंचवटा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. मात्र प्रत्येक मोठ्या जहाजावर थोड्या खोल्या मुद्दाम व्हीलचेअरसाठी बांधलेल्या असतात. त्यांचं दार बत्तीस इंच किंवा जास्त, आत खुर्ची वळवायला पाच फुटांचा मोकळा गोल, उंबरठा नाही, न्हाणीत बसायला भिंतीची घडीची बैठक, धरायला दांड्या. ह्या खोल्या मोजक्याच असतात आणि झटकन जातात. म्हणून सहा महिने, वर्षभर आधी नाव नोंदवणं उत्तम. आम्हांला एक शेवटची मिळाली ती कुणी तरी रद्द केली म्हणून.

रिकाम्या पलंगाचं भाडं

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून माझा तर संतापच झाला. जहाजाचं भाडं छापलेलं असतं ते 'एका माणसाचं', पण खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटं माणूस गेलं तर त्याला रिकाम्या पलंगाचेही पैसे मोजावे लागतात. कधी दीडपट, कधी चक्क दुप्पट! म्हणजे लग्न न झालेल्या, नवरा गेलेल्या बायकांनी तो नसल्याचा दंड भरायचा म्हणा ना!

काही कंपन्यांनी ह्यात थोडी सुधारणा केली. 'नॉर्वेजियन एपिक' ह्या जहाजावर २०१० साली एकट्यांसाठी १२८ छोट्या खोल्या काढल्या आणि त्या लोकांना एकत्र बसायला वेगळी बैठकीची जागाही दिली. 'क्वीन मेरी २' ह्या प्रसिद्ध जहाजावर २०१६ साली एकट्यांसाठी १५ खोल्या वाढवल्या. पण आपल्या वन्संसारख्यांना ह्याचा उपयोग किती? एपिकवरची एकट्याची खोली शंभर चौरस फुटांची. तिथं पाच फुटांचा गोल काढणार कुठं? व्हीलचेअरच्या खोल्या मोठ्या, म्हणून बहुतेक दोघांच्या. तेव्हा एकटं असणं आणि खुर्चीत असणं, दोन्ही एकाच्याच वाट्याला आलं की खिशाला दोन्हीकडून कात्री लागते. वन्संनी ते पैसे भरले. "निवृत्तीचे पैसे आहेत वहिनी, मी कुणासाठी ठेवू?" म्हणाल्या. तरीही विचारून बघावं. हंगाम नसताना, खोल्या रिकाम्या राहत असताना, कधी कधी हा जादा आकार कमी करतात.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी जहाज कंपन्या अपंग प्रवाशांकडून जास्त भाडं घेत, सोबत माणूस आणाच म्हणत. अमेरिकेत काही प्रवाशांनी ह्याविरुद्ध दावा लावला. कंपनी म्हणाली, आमच्या जहाजांवर परदेशी झेंडा आहे, तुमचा १९९० चा अपंगांसाठीचा कायदा आम्हांला लागू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली न्यायालयानं सांगितलं, अमेरिकेच्या पाण्यात याल तर हा कायदा तुम्हांलाही लागू. मात्र जहाजाच्या सुरक्षिततेला बाध येईल असे बदल करायला लावता येणार नाहीत, हेही सांगितलं.

युरोपातही २०१० साली नियम झाला आणि २०१२ च्या डिसेंबरापासून तो लागू आहे. केवळ अपंग आहे म्हणून तिकीट नाकारता येत नाही. बंदरावर आणि जहाजावर चढ-उतार करायला मदत द्यावी लागते, तीही फुकट. जहाजवाल्यांच्या चुकीनं खुर्ची मोडली तर भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. पूर्वी सातच प्रकारचं अपंगत्व मानत, आता एकवीस प्रकार मानले जातात. वाहतुकीची साधनं सर्वांना वापरता येतील अशी असावीत, हेही त्यात आलंय. कागदावरचं एस.टी.च्या पायरीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे, ते आपण रोज पाहतोच!

एक जगावेगळं जहाज

हे सगळं वाचताना एका जहाजाची हकिकत कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये १९७८ साली 'ज्युबिली सेलिंग ट्रस्ट' नावाची संस्था निघाली. अपंग मुलांना नावा चालवायला शिकवणाऱ्या एका शिक्षकाची ती कल्पना. शिडांचं मोठं जहाज बांधायचं आणि त्यावर धडधाकट आणि अपंग दोघांनी मिळून खलाशी म्हणून काम करायचं! 'लॉर्ड नेल्सन' हे त्यांचं जहाज १९८६ मध्ये पहिल्या सफरीवर निघालं. जिन्यांना व्हीलचेअरची उचलती साधनं, अंधांसाठी बोलणारं होकायंत्र आणि जमेल त्यांना खुर्चीसकट दोरानं डोलकाठीवर चढवायची सोय! एकट्या आलेल्या माणसाला सोबती मिळे. एक धडधाकट आणि एक अपंग अशी जोडी लावत, आणि कामं दोघांना वाटून. पुढं 'टेनेशियस' नावाचं दुसरं जहाजही त्यांनी बांधलं. पैशाअभावी २०२३ च्या डिसेंबरात ती संस्था बंद पडली, ह्याची हळहळ वाटते. पण अपंग माणूस बोटीवर केवळ सामान म्हणून नेण्याची वस्तू नव्हे, तो बोट चालवूही शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तो फॉर्म

आता मूळ गोष्टीकडे येते. खोली मिळाल्यावर कंपनीनं एक लांबलचक फॉर्म पाठवला. वन्सं सांगत होत्या, मी लिहीत होते. खुर्ची घडीची आहे का? वजन किती? बॅटरीची आहे का? मग पुढचे प्रश्न आले. खुर्चीतून पलंगावर स्वतः जाता का? अंघोळ, कपडे, संडास स्वतः करता का? कारण जहाजावरचे लोक दार उघडतील, ताट आणून देतील, पण अंगाची सेवा करणार नाहीत, उचलणार नाहीत. ज्याला ती लागते त्याला सोबत माणूस न्यावाच लागतो.

वन्संनी प्रत्येक प्रश्नाला 'होय, स्वतः' असं सांगितलं. अंघोळीच्या प्रश्नाला माझं पेन थांबलं. पस्तीस वर्षं मी त्यांना न्हाणीघरात नेऊन बसवते आहे! माझ्या तोंडावरचं पाहून त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, अंघोळ मला येते. तुमचा तो चार इंची उंबरठा मला येत नाही."

खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. मी सेवा करते, मी करते, असं पस्तीस वर्षं मनात मिरवत होते. पण रोज सकाळी आधी माझं दळण-कांडण, ह्यांचा डबा, मुलांची शाळा, आणि मग 'वन्सं, चला,' अशी माझ्या सवडीनं त्यांची अंघोळ. त्यांना कधी लवकर करावीशी वाटली असेल, कधी उन्हाळ्यात दोनदा करावीशी वाटली असेल. मी कधी विचारलंच नव्हतं.

बोटीवरचे पाच दिवस

डिसेंबरात वन्सं निघाल्या. विमानाच्या दारापर्यंत आपल्याच खुर्चीतून गेल्या. खुर्चीची गादी आणि पायांच्या फळ्या काढून हातात घेतल्या, खुर्चीचे फोटो काढून ठेवले. मोडतोड झाली तर दाखवायला. सिंगापूरला तर त्यांना घरच्यासारखं वाटलं. तिथल्या सगळ्या बसगाड्यांत व्हीलचेअर चढते. फळी टाकतात आणि आपण सरळ आत!

जहाजावर सगळं गोडच होतं असं नाही. गालिचे जाड, चाकं ढकलून ढकलून दंड भरून येत. खेळ सुटला की लिफ्टपुढं अशी गर्दी की चार वेळा लिफ्ट भरून गेली. मग त्या दहा मिनिटं आधीच निघू लागल्या. बोळात सफाईची गाडी आडवी उभी, तेव्हा वाट पाहत बसाव्या लागल्या. पेनांगला जहाज धक्क्याला लागलं, पण भरती होती, उतरायची फळी चांगलीच चढी. दोन खलाशांनी धरून उतरवलं. जुन्या गावातल्या दुकानांपुढच्या ओवऱ्या कुठं उंच, कुठं सखल, तेव्हा रस्त्यावरूनच खुर्ची चालवावी लागली. जवळच तमिळ लोकांची वस्ती आहे, तिथं इडली-सांबार खाऊन आल्या! फुकेतला मात्र जहाज बाहेर नांगरलं आणि होडीत त्यांना घेतलं नाही.

"वाईट वाटलं असेल ना?" मी विचारलं. "अर्धा तास," त्या म्हणाल्या. "मग वर डेकवर गेले. सगळं जहाज रिकामं! समुद्र आणि मी." तिथंच त्यांना ऑस्ट्रेलियाच्या एक बाई भेटल्या. त्याही खुर्चीत, नवरा गेलेला, ह्यांच्यासारख्याच एकट्या. दोघींनी दिवसभर गप्पा मारल्या. वन्संच्या बँकेच्या इंग्रजीत! आता दर रविवारी फोन असतो.

संकटाची कवायतही त्यांनी नीट केली. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येकाला आपली जमण्याची जागा दाखवतात. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून खुर्चीवाल्यांना जिन्यानं न्यायला खास खुर्च्या आणि माणसं नेमलेली असतात. वन्संनी विचारलं, "मला न्यायला कोण येणार? त्याला बोलवा." तो पोरगा आला, त्याला पाहून ठेवलं, तेव्हाच त्या निश्चिंत झाल्या.

निघण्यापूर्वी

तुमच्याकडे कुणी निघणार असेल तर एवढं लक्षात ठेवा:

• खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजा आणि दाराची रुंदी लेखी मागवा. तोंडी 'होईल हो' वर विसंबू नका.

• प्रत्येक बंदराबद्दल विचारा: धक्का की होडी?

• सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच यायचं असेल तर व्हिसा दोनदा प्रवेशाचा लागतो. तपासून घ्या.

• प्रवासविमा काढताना जुनं दुखणं लपवू नका. जहाजावरचा दवाखाना महाग असतो.

• खुर्ची रात्री केबिनच्या आतच ठेवावी लागते, बोळात नाही. बॅटरीची असेल तर बॅटरीचा प्रकार विमान आणि जहाज दोघांनाही आधी कळवा.

• जादा औषधं आणि खुर्चीच्या हाताला अडकवायची कापडी पिशवी हातातल्या सामानात ठेवा. ताट मांडीवर घ्यायचं झाल्यास खाली न घसरणारी रबरी जाळी उपयोगी पडते.

• आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

वन्सं परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्यासाठी गरम पाणी काढलं. सवयीनं म्हटलं, "वन्सं, चला." त्या उंबरठ्यापाशी थांबल्या. काही बोलल्या नाहीत. पण मला माहीत होतं, की पाच दिवस त्या मनाला येईल तेव्हा, कुणाला हाक न मारता, अंघोळ करून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. हे म्हणाले, "पाणी बाहेर येईल." मी म्हटलं, "येऊ दे. पुसू." गवंड्यानं उतार असा काढून दिला की पाणीही बाहेर येत नाही. दारही सहा इंच रुंद केलं. दीड दिवसाचं काम! पस्तीस वर्षं ते राहिलं होतं.

परवा पहाटे पाच वाजता न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. मी दचकून उठणार, तोच वन्संचं गुणगुणणं ऐकू आलं. मी पुन्हा पांघरूण ओढलं.

मैत्रिणींनो, सगळ्यांनाच बोट परवडत नाही, आणि सगळ्यांना जायचंही नसतं. पण आज टेप घ्या आणि आपल्या घरातली दारं तेवढी मोजून पाहा. आणि जे माणूस नेहमी मागं राहतं, त्याला एकदा विचारा, 'तुम्हांला कुठं जायचंय?' उत्तर ऐकून दचकू नका म्हणजे झालं. आमच्या वन्सं सध्या नॉर्वेचा नकाशा उघडून बसल्यात!